माणूस आणि मासला

मेरी विल्किन्स फ्रीमन या अमेरिकन कथालेखिकेनें १९१७ सालीं 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकांत आपल्याच एका कथेविरुद्ध साक्ष दिली. ती कथा म्हणजे १८९० सालीं प्रसिद्ध झालेली 'द रिव्होल्ट ऑफ मदर', अर्थात् 'आईचें बंड'. कथेची कीर्ति एव्हांना दूरवर पसरली होती. पण त्या कीर्तीचा लेखिकेला आनंद होण्याऐवजीं तिचा कांटाच सलत असावा. तिच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, कीं कथावाङ्मय सत्य असलें पाहिजे. ही कथा सत्य नाहीं. कारण न्यू इंग्लंडमध्यें अशी बाई कधीं झालीच नाहीं. तेथील शेतकऱ्यांच्या बायकांच्या अंगीं असलें धाडस नव्हतें. इतकेंच नव्हे, तर घरापेक्षां गोठा अधिक चांगला असावा याविषयीं त्यांचें आपल्या नवऱ्यांशीं एकमतच होतें, कारण कुटुंबाची मिळकत गोठ्यांतून येई, स्वयंपाकघरांतून नव्हे.

जिचें अस्तित्व तिच्या जन्मदात्रीनेंच असें नाकारलें, त्या बाईची हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. सेरा पेन हिला तिच्या नवऱ्यानें चाळीस वर्षांपूर्वीं, लग्नाच्या सुमारास, एक चांगलें घर बांधून देण्याचें वचन दिलें होतें. गोठे झाले, कोठारें झालीं. घर मात्र झालें नाहीं. ज्या जागेवर तें व्हावयाचें, नेमक्या त्याच जागेवर नवरा आतां आणखी एक भला मोठा गोठा उभारीत आहे. मुलीचें लग्न ठरलें आहे, आणि तें करावयास घरांत धड खोली नाहीं. सेरा नवऱ्यापुढें आपलें सारें म्हणणें एकदां शांतपणें मांडते. तो अवाक्षर काढीत नाहीं. पुढें तो घोडा खरेदी करण्यासाठीं कांहीं दिवस परगांवीं जातो, आणि ही कामसू, देवभीरु बाई चूल, खाटा, भांडींकुंडीं उचलून सारा संसार त्या नव्या कोऱ्या गोठ्यांत नेऊन मांडते. गांवांत गहजब उडतो. पाद्री समजूत घालावयास येतो. ती त्याला आदरानें, पण निक्षून परत पाठविते. नवरा येतो, पाहतो, मुकाट्यानें जेवतो, आणि अखेर रडूं लागतो. मधल्या भिंती घालून देईन, हवें तें करून देईन, असें तो कबूल करतो. बस्स, एवढीच कथा.

ही कथा खोटी आहे, असें म्हणतांना लेखिकेनें सत्याचें कोणतें माप वापरलें? तिचें माप प्रदेशाचें होतें. न्यू इंग्लंडमध्यें अशी बाई आढळत नाहीं, म्हणून सेरा पेन असत्य. हें माप आपण सर्वच जण नकळत वापरतों. 'अमक्या भागांतील माणूस असें बोलणार नाहीं', 'तमक्या गांवच्या बाईला हें शोभत नाहीं', असे अभिप्राय टीकालेखांतून आपण नेहमी वाचतों, आणि ते पुष्कळदां योग्यही असतात. पण त्यांच्या मुळाशीं एक नीतिविषयक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ कलेचा प्रश्न नाहीं. एखाद्या माणसाला त्याच्या मातीवरून संपूर्ण ओळखतां येतें, असें मानण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

ज्या काळांत ही कथा लिहिली गेली, तो अमेरिकन कथावाङ्मयांत 'लोकल कलर'चा, म्हणजे स्थानिक रंगाचा, काळ म्हणून ओळखला जातो. १८६१ ते १८६५ पर्यंतचें यादवी युद्ध नुकतेंच संपलें होतें. १८६९ सालीं आगगाडीनें देशाचे दोन किनारे जोडले. बोस्टन आणि न्यू यॉर्क येथून निघणारीं 'अटलांटिक मन्थली', 'हार्पर्स', 'सेंचुरी' यांसारखीं मासिकें शहरांतील सुशिक्षित घरांत जाऊं लागलीं होतीं, आणि त्या घरांतील वाचकांना आपल्या अवाढव्य देशाच्या कानाकोपऱ्यांत कोण राहतें, कसें बोलतें, काय खातें, हें जाणण्याची उत्सुकता होती. मेन प्रांताचा खडकाळ किनारा, टेनेसीचे डोंगर, लुइझियानांतील फ्रेंच वळणाचीं घराणीं, कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणी, या साऱ्यांचे लेखक निर्माण झाले. ते पुष्कळसे खरोखरच गुणी होते. आगगाडीनें जें सारखें होत चाललें होतें, त्याचा वेगळेपणा टिपून ठेवण्याचें काम त्यांनीं केलें, आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानण्यांत मला कंजूषपणा करावयाचा नाहीं.

या चळवळीचें तत्त्वज्ञान हॅम्लिन गार्लंड यानें 'क्रम्बलिंग आयडल्स' या १८९४ सालच्या पुस्तकांत सांगितलें आहे. कथेचा पोत आणि तिची पार्श्वभूमि अशीं असावीं, कीं ती दुसऱ्या कोणत्याही ठिकाणीं आणि तेथें न वाढलेल्या कोणत्याही माणसाकडून लिहिली जाणें शक्य होऊं नये, असा त्याचा आग्रह. वाङ्मय हें वंश, परिस्थिति आणि काळ या तिहींचें फळ होय, हा तेन या फ्रेंच पंडिताचा सिद्धान्त त्या पिढीच्या हवेंतच होता. यांतील अर्धा भाग निःसंशय खरा आहे. माणूस कोठें तरी जन्मतो. कोणती तरी एक बोली बोलतो. उपाशी राहण्याचे आणि लाज वाटण्याचे त्याचे प्रकार त्याच्या गांवानें ठरविलेले असतात. ज्याला गांवच नाहीं असें पात्र कागदीच वाटतें. परंतु 'पार्श्वभूमीवांचून पात्र नाहीं' हें एक विधान झालें, आणि 'पात्र म्हणजे पार्श्वभूमीचें फळ' हें अगदीं दुसरें. पहिल्यावरून दुसऱ्यावर केव्हां घसरलों हें लेखकालाही कळत नाहीं, आणि वाचकाला तर मुळींच कळत नाहीं.

आपल्या मराठींत या घसरणीला एक मोठा मार्मिक शब्द आहे. 'नमुना' म्हणजे ढिगांतून काढलेली वानगी. धान्याची पारख करावयाची तर व्यापारी मूठभर दाणे हातावर घेतो. पण माणसाविषयीं बोलतांना 'काय नमुना आहे!' असें आपण म्हणतों, तेव्हां त्यांत हंसूं असतें. माणसाला मासला केला, कीं तो हास्यास्पद होतो, हें आपल्या भाषेला शास्त्रकारांच्या आधींच उमगलेलें दिसतें. स्थानिक रंगाच्या कथांत जें हंसूं सर्वत्र सांडलेलें आढळतें, तें विनोदबुद्धीचें कमी आणि या मासल्याचें अधिक आहे.

याचें एक साधन तर छापखान्यांतच तयार होतें. या कथांत निवेदक शुद्ध इंग्रजी लिहितो. गांवकऱ्याचें बोलणें मात्र अक्षरें मोडून, स्वर गाळून, उच्चाराप्रमाणें छापलेलें असतें. आतां वस्तुस्थिति अशी आहे, कीं इंग्रजी भाषा जशी लिहितात तशी कोणीच बोलत नाहीं. बोस्टनचा प्राध्यापकही नाहीं. मग उच्चाराप्रमाणें लेखन त्या बिचाऱ्या डोंगरी माणसाचेंच कां? प्राध्यापकाचेंही तसेंच छापलें असतें, तर तोही तितकाच गांवढळ दिसला असता. एका पानावर दोन माणसें बोलत आहेत. एकाचे शब्द त्याचे विचार म्हणून वाचकापर्यंत पोंचतात, दुसऱ्याचे शब्द त्याचे आवाज म्हणून. बोली लिहूंच नये असें मी म्हणत नाहीं. मार्क ट्वेननें १८८४ सालच्या 'हकलबरी फिन'मध्यें सारें निवेदनच त्या अशिक्षित पोराच्या तोंडीं घालून हा भेद एका फटकाऱ्यांत नाहींसा केला. तेथें मोडकी भाषा हीच पुस्तकाची भाषा होते. हंसण्यासाठीं वाचकाला उभें राहावयास बाहेर जागाच उरत नाहीं. बाकीच्या बहुतेकांनीं ती बाहेरची जागा वाचकासाठीं राखून ठेवली, आणि तिच्यांत आरामखुर्ची मांडली.

मेरी मर्फ्री हिचें उदाहरण मला नेहमीं मौजेचें वाटत आलें आहे. 'चार्ल्स एग्बर्ट क्रॅडॉक' या पुरुषी नांवानें ती टेनेसीच्या डोंगरी लोकांच्या कथा लिही. 'इन द टेनेसी माउंटन्स' हा तिचा संग्रह १८८४ सालचा. मर्फ्री ही खालच्या सपाटीवरील सुखवस्तु कुटुंबांतील मुलगी; उन्हाळ्यांत हवापालटासाठीं डोंगरांत जाई, आणि तेथें तिनें तीं माणसें पाहिलीं. तिच्या कथांत डोंगरांवरचा प्रकाश फार सुंदर उतरला आहे, पण माणसें बहुधा त्या प्रकाशाच्या टोंकाला उभीं असतात; तीं जवळ येत नाहींत. १८८५ सालीं ती स्वतः बोस्टनला 'अटलांटिक'च्या कचेरींत जाऊन उभी राहिली, तेव्हां आपला हा लेखक एक बाई आहे हें पाहून संपादक आल्ड्रिच चकित झाले. कथेचा विषय आणि सहीचें नांव यांवरून कर्ता ओळखण्याची त्यांची रीत फसली होती. पण त्याच रीतीनें डोंगरांतील माणसें ओळखतां येतात, ही त्यांच्या वाचकांची समजूत मात्र अभंग राहिली. ब्रेट हार्टची तऱ्हा याहून निराळी. १८६८ सालच्या 'द लक ऑफ रोअरिंग कँप'नें त्यानें दिलदार जुगारी आणि प्रेमळ रांगडे खाणवाले यांची एक सृष्टि उभी केली, १८७१ सालीं कॅलिफोर्निया सोडली, आणि पुन्हां तेथें पाऊल न टाकतां १९०२ सालीं इंग्लंडांत मरेपर्यंत तो तीच कॅलिफोर्निया लिहीत राहिला. मासल्याची सोय अशी असते, कीं एकदां तो हाताला लागला म्हणजे मूळ माणसाची गरज उरत नाहीं.

सेरा ऑर्न ज्युएट ही या साऱ्यांत थोर, कारण हें पाप तिला ठाऊक होतें. मेन प्रांतांतील साउथ बर्विक येथील डॉक्टराची ही मुलगी. वडिलांच्या गाडींतून रोग्यांच्या घरोघर हिंडली होती. 'अ व्हाइट हेरन' या तिच्या १८८६ सालच्या कथेंत शहरांतून एक तरुण पक्षिशास्त्रज्ञ रानांत येतो. सभ्य, मनमिळाऊ, सुस्वभावी. त्याला पक्ष्यांची आवड आहे. ती इतकी, कीं तो त्यांना मारून, पेंढा भरून आपल्या संग्रहांत ठेवतो. दुर्मिळ पांढरा बगळा कोठें घरटें करतो हें दाखविणाऱ्याला तो दहा डॉलर देऊं करतो. आजीजवळ राहणारी नऊ वर्षांची गरीब सिल्व्हिया पहाटे एका प्रचंड पाइन वृक्षाच्या शेंड्यावर चढते, समुद्र पाहते, बगळा पाहते, त्याचें घरटें पाहते. आणि खालीं येऊन गप्प राहते. आजी रागावते, पाहुणा वाट पाहतो, दहा डॉलर हातचे जातात. तिला त्या पाहुण्याविषयीं मनांतून ओढ होती हेंही ज्युएट लपवीत नाहीं, म्हणून त्या मौनाला किंमत आहे.

हा पक्षिशास्त्रज्ञ कोण, हें 'अटलांटिक'च्या वाचकाला कळलें असेल काय? पक्षी आवडतो म्हणून त्याला पेंढा भरून ठेवणारा गृहस्थ आणि खेडें आवडतें म्हणून तेथील माणसें मासिकाच्या पानांवर लावून ठेवणारा गृहस्थ यांत मला तरी फारसें अंतर दिसत नाहीं. आणि ज्युएटनें या कथेंत आणखी एक गोष्ट केली आहे. सिल्व्हिया ही 'मेनची मुलगी' म्हणून गप्प राहत नाहीं. मेनची दुसरी कोणतीही गरीब मुलगी, तिची आजी तर नक्कीच, दहा डॉलर घेऊन मोकळी झाली असती. रानानें तिला उंच झाड दिलें, वर चढण्याचें बळ दिलें, तेथून दिसणारें दृश्य दिलें. मौनाचा निर्णय मात्र रानाचा नव्हता.

आतां फ्रीमनबाईंच्या साक्षीकडे वळतों. तिचा प्रतिवाद करण्यापूर्वीं तिची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती क्षुल्लक नाहीं. मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्माँट येथील खेड्यांत तिचें अर्धें आयुष्य गेलें होतें. तिनें त्या बायका पाहिल्या होत्या. ज्या बायकांनीं चाळीस चाळीस वर्षें गोठ्याकडे पाहत भाकरी भाजली आणि कांहीं केलें नाहीं, त्यांच्या नांवावर एक बंड खपवून देणें हें तिला असत्य वाटलें. कल्पनेंतील धाडस वाटून टाकणें लेखकाला फार सोपें असतें, आणि त्यायोगें ज्यांना धाडस झालें नाहीं त्यांच्यावरील ओझ्याचें वजनच नाहींसें होतें. प्रत्येक आई जर गोठ्यांत राहावयास जाऊं शकते, तर जी गेली नाहीं तिचाच कांहीं दोष असला पाहिजे, असा निष्कर्ष निघतो. सुखी वाचकाला असले निष्कर्ष आवडतात. ही भीति फ्रीमनला वाटली असेल, तर तिला मी हंसणार नाहीं.

तथापि तिचें माप चुकीचेंच होतें. ॲरिस्टॉटलनें काव्याला इतिहासाहून श्रेष्ठ ठरविलें, तें काव्य सरासरी सांगतें म्हणून नव्हे; अमुक प्रकारचा माणूस संभवनीयतेनें किंवा अपरिहार्यतेनें काय बोलेल वा करील, हें तें सांगतें म्हणून. ही संभवनीयता खानेसुमारींतून काढावयाची नसते. ती कथेनें आपल्याच पोटांत उत्पन्न करावयाची असते. 'आईचें बंड' ती करतें कीं नाहीं, एवढाच प्रश्न. चाळीस वर्षांपूर्वींचें वचन, त्याच जागेवरील गोठा, दाराशीं आलेलें लग्न, एकदां नीट मांडलेलें आणि उत्तराविना राहिलेलें गाऱ्हाणें, आणि नेमक्या त्याच वेळीं नवऱ्याला परगांवीं नेणारी घोड्याची खरेदी, जी त्या भाविक बाईला ईश्वरी संकेत वाटते: या पायऱ्या चढून वर आलेली सेरा गोठ्यांत शिरते, तेव्हां मला तरी आश्चर्य वाटत नाहीं. उलट ती शिरली नसती तर लेखिकेनें कोठें तरी हात आखडला असें वाटलें असतें. न्यू इंग्लंडमध्यें अशी बाई झाली नसेल. पण ही बाई न्यू इंग्लंडची आहे. तिचा काटकसरी स्वभाव, तिचें बायबल, तिचा पाद्र्याविषयींचा आदर, बंडांतही भांडीं नीट लावून ठेवण्याची तिची टापटीप, हें सारें तेथलेंच. बंड मात्र तिचें स्वतःचें आहे.

आणि स्वतःचें असण्यासाठीं बंडच असावें लागतें असेंही नाहीं. याच लेखिकेची 'अ न्यू इंग्लंड नन' ही कथा पाहा. लुइझा एलिस हिचा वाग्दत्त वर धन मिळविण्यासाठीं ऑस्ट्रेलियास गेला तो चौदा वर्षांनीं परत आला. तोंपर्यंत तिचें जीवन तिच्या लहानशा घरांत, शिवणकामांत, पिंजऱ्यांतील कॅनरी पक्ष्यांत आणि एकदां कोणाला तरी चावल्यावरून चौदा वर्षें सांखळीला बांधलेल्या कुत्र्यांत इतकें बसून गेलें आहे, कीं पुरुषाचे बूट आपल्या स्वच्छ जमिनीवर उमटतील या विचारानेंच तिचा जीव घाबरा होतो. वराचें मन दुसरीवर जडलें आहे हें तिला अकस्मात् कळतें, तेव्हां ती, आपणांस कांहीं कळलें हें न दर्शवितां, लग्न मोडते आणि सुटकेचा निःश्वास टाकते. वरवर पाहतां न्यू इंग्लंडच्या प्रौढ कुमारिकेचा हा ठराविक मासला. पण त्या प्रदेशानें जें तिच्यावर लादलें होतें, तें ती एका संध्याकाळीं समजून उमजून निवडते. त्या निवडीनंतर तिला मासला म्हणण्याची आपली छाती होत नाहीं. फ्रीमननें या लुइझाविरुद्ध साक्ष दिली नाहीं. लुइझासारख्या बायका न्यू इंग्लंडमध्यें आढळत होत्या, म्हणूनच ना?

येथवर हा वाद सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांतला वाटेल. दक्षिणेकडील संस्थानांत त्यानें माणसांचे हक्क घेतले. व्हर्जिनियाच्या टॉमस नेल्सन पेज यानें १८८४ सालीं 'मार्स चॅन' ही कथा लिहिली. तींत सॅम नांवाचा, पूर्वीं गुलाम असलेला नीग्रो आपल्या युद्धांत पडलेल्या धन्याची कहाणी एका गोऱ्या वाटसरूला सांगतो, आणि गुलामगिरीचे ते दिवसच आपल्या आयुष्यांतले उत्तम दिवस होते असें गहिंवरून म्हणतो. पेज हा त्या मातींतच जन्मलेला. गार्लंडची कसोटी त्याला पूर्णपणें लागू पडते. बोली अस्सल, देखावा अस्सल. उत्तरेकडील वाचकांनीं डोळे पुसले. या एका सॅमवरून लक्षावधि माणसें ओळखल्याचा भ्रम देशभर पसरत होता, त्याच सुमारास दक्षिणेंत त्या माणसांचा मताधिकार काढून घेण्याचे कायदे होत होते, आणि १८९६ सालीं 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या निकालानें सर्वोच्च न्यायालयानें आगगाडीच्या वेगळ्या डब्यांस मान्यता दिली. कथेनें कायदे केले असें कोणी म्हणणार नाहीं. पण जो माणूस गुलामगिरींतच सुखी होता असें आपण मानतों, त्याच्या मतपेटीची चिंता आपण कशाला करावी?

या मासल्याला उत्तर मिळालें तें मासल्याच्याच तोंडून. चार्ल्स चेस्नट याचे पूर्वज गोरे आणि काळे दोन्ही. जन्म १८५८ सालीं क्लीव्हलंड येथें, बालपण नॉर्थ कॅरोलायनांत. त्याची 'द गूफर्ड ग्रेपव्हाइन' ही कथा 'अटलांटिक'नें १८८७ सालीं छापली, तेव्हां लेखकाच्या वंशाची वाचकांना कल्पना नव्हती. कथेची बाह्य घडण पेजसारखीच. उत्तरेकडून आलेला जॉन हा गोरा गृहस्थ एक द्राक्षमळा विकत घेऊं पाहतो. ज्युलिअस नांवाचा वृद्ध नीग्रो त्याला मळ्यावरील जादूटोण्याची गोष्ट सांगून सावध करतो. त्या गोष्टींत हेन्री नांवाचा एक गुलाम आहे. वसंतांत वेलींबरोबर तो तरुण होतो, शिशिरांत वाळतो. आणि मालक त्याला दर वसंतांत चढ्या भावानें विकून हिंवाळ्यांत स्वस्तांत परत घेतो. जॉनला ही नुसती रंजक थाप वाटते. तो मळा घेतो, आणि पुढें त्याला कळतें कीं ज्युलिअस त्या पडीक मळ्याचें उत्पन्न वर्षानुवर्षें स्वतः घेत होता. मग तो समाधानानें हंसतो: म्हाताऱ्याचा डाव आपण ओळखला! पण एका माणसाच्या शरीराची वर्षांतून दोनदां खरेदी-विक्री झाल्याची जी हकीकत त्यानें आतांच ऐकली, तिच्याविषयीं त्याला कांहीं वाटत नाहीं. ज्युलिअसला त्याची द्राक्षें हवीं होतीं हें खरें. हेन्रीचें दुःखही खरें. जॉनला त्यांतील एकच गोष्ट दिसते, कारण तो मासला वाचीत आहे. चेस्नटनें वाचकाच्या हातीं मासला दिला, आणि तो वाचणाऱ्यालाच पात्र करून टाकलें.

ज्युलिअसच्या कथांचें पुस्तक, 'द कॉन्जर वूमन', १८९९ सालीं निघालें आणि तें आवडलें. १९०१ सालीं चेस्नटनें 'द मॅरो ऑफ ट्रॅडिशन' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्यांत १८९८ सालच्या विल्मिंग्टन येथील हत्याकांडाचें चित्र आहे, आणि तिच्यांतील प्रमुख पात्रांपैकीं एक सुशिक्षित नीग्रो डॉक्टर आहे. तो शुद्ध इंग्रजी बोलतो, भुतांच्या गोष्टी सांगत नाहीं, आणि कोणाच्याही बागेंत कामाला नाहीं. ही कादंबरी फारशी खपली नाहीं. लेखनावर निर्वाह करण्याचा बेत सोडून चेस्नट क्लीव्हलंडमधील आपल्या लघुलेखनाच्या धंद्याकडे परतला. १९०५ नंतर १९३२ सालीं मृत्यु येईपर्यंत त्याची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाहीं.